माल दिल्यानंतर : आपल्या धंद्यातील एका जुन्या कर्तव्याचा इतिहास

आपल्या सुतार समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासपर लेख लिहून द्यावा, अशी सूचना मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस केली. अशा लेखात ज्ञातीच्या उत्पत्तीची कथा, प्रभू विश्वकर्म्याचे पाच पुत्र आणि प्राचीन देवालयांचे शिल्प यांचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. तो विषय अधिकारी लेखकांनी पूर्वी हाताळलेला असल्यामुळे त्यात भर घालण्याचे धाडस आम्ही करीत नाही. आम्ही येथे दिसण्यात लहान, परंतु आपल्या प्रत्येक घराच्या चुलीशी संबंध असलेला एक प्रश्न घेतला आहे. कारागिराने वस्तू करून दिली, गिऱ्हाइकाने पैसे मोजले, की दोघांचा संबंध संपला काय? की वस्तू घरात वापरात असेपर्यंत कारागिराचे काही देणे शिल्लक राहते?

आजचे व्यापारी ह्याला ‘विक्रीपश्चात सेवा’ असे भारदस्त नाव देतात आणि ही कल्पना मोठ्या कंपन्यांनी काढली, अशी आपल्या तरुणांची समजूत झालेली आहे. ती समजूत चुकीची आहे. ही सेवा आपल्याच घरातील जुनी ठेव असून मधल्या काळात ती आपल्या हातून सुटली, हे दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बलुत्याचा करार

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या खेड्याचा व्यवहार कसा चाले, हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. बारा बलुतेदारांच्या ज्या याद्या परंपरेने चालत आल्या आहेत, त्यांत सुतार हा बहुधा पहिल्या, म्हणजे थोरल्या ओळीत येतो. शेतकऱ्याचे ज्याच्यावाचून पानही हलत नाही, त्यास थोरली ओळ, असा त्यातील हिशेब आहे. नांगर, जू, कुळव, गाडी ही सर्व सुताराच्या हातची. ती मोडली की शेत पडून राहते.

ह्या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य सहसा कोणी ध्यानात घेत नाही. गावच्या सुताराने शेतकऱ्यास नांगर ‘विकला’ असे नेहमीच्या अर्थाने कधी होत नसे. लाकूड बहुधा शेतकऱ्याचे असे आणि श्रम सुताराचे. त्या श्रमाचा मोबदला रोख मिळत नसून सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. तो मोबदला एका नांगराबद्दल नसे. वर्षभर सर्व अवजारे चालती ठेवण्याबद्दल असे. आषाढात रुमणे मोडले, जू फुटले, तर शेतकरी ते घेऊन सुताराच्या दारी येई आणि सुतार हातचे काम बाजूला ठेवून ते नीट करून देई. त्याबद्दल निराळे पैसे मागण्याची रीत नव्हती.

म्हणजे आज ज्यास आपण विक्रीनंतरची सेवा म्हणतो, तीच येथे मुख्य वस्तू होती आणि नांगर घडविणे हा तिचा केवळ आरंभ होता. त्यात सुताराचा स्वार्थही पुरता गुंतलेला असे. नांगर कच्चा निघाला तर पेरणी चुकणार, पेरणी चुकली तर खळे रिकामे राहणार, आणि खळे रिकामे राहिले तर सुताराच्या वाट्याचे धान्य तरी कोठून येणार? कागदावर न लिहिलेली, परंतु कागदाहून पक्की अशी ही हमी होती.

आमच्या कोकणात बलुत्याची पद्धत देशावरच्या इतकी घट्ट बांधलेली नव्हती. येथे खोती होती, जमीन तुकड्यातुकड्यांनी डोंगरउतारावर विखुरलेली होती आणि वाड्या एकमेकींपासून दूर होत्या. तरीही भात, नाचणी व वरी यांच्या रूपाने वर्षाचे काम वर्षाला फेडण्याची रीत येथेही होतीच.

मात्र ह्या जुन्या काळाचे आम्ही भाबडेपणाने गुणगान करीत आहोत, असे वाचकांनी समजू नये. ज्या व्यवस्थेने सुताराला गावाशी बांधले, तिनेच त्याला गावाबाहेर जाण्यास मोकळीक दिली नाही. मोबदला किती द्यायचा, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. मुलाने बापाचाच धंदा केला पाहिजे, हा दंडक होता. गावगाड्यात ज्या बांधवांना अस्पृश्य लेखले जाई, त्यांच्या वाट्यास तर कष्टाबरोबर अपमानही येई, आणि त्या अन्यायात इतर सर्व जातींचा, आपलाही, वाटा होता. हे मान्य केल्यावाचून इतिहास लिहिणे म्हणजे आरशावर पडदा टाकणे होय. ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर गिऱ्हाइकाकडे पुन्हा जाण्याची जी चांगली सवय गेली, तिची हळहळ वाटते.

किनाऱ्यावरील साक्ष

शेताचे जे, तेच समुद्राचे. आमचे बुरोंडी हे दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. एका बाजूस हर्णै आणि दुसऱ्या बाजूस दाभोळ अशी दोन जुनी बंदरे आहेत. ह्या पट्ट्यात मासेमारी चालते आणि मासेमारी म्हटली की होडी आली, होडी आली की सुतार आला.

लाकडी होडी ही एकदा बांधून दिली आणि विषय संपला, अशी वस्तू नव्हे. खारे पाणी, ऊन आणि लाकूड पोखरणारे समुद्री किडे हे तिचे तीन शत्रू आहेत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून भरलेला असतो. तो काळाने सैल होतो आणि पाणी झिरपू लागते. म्हणून दर पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून घ्यावी, झावळ्यांनी शाकारावी, समुद्र शांत होण्याच्या सुमारास ती उघडून एकेक फळी ठोकून तपासावी, कुजलेली बदलावी, सांधे पुन्हा भरावेत, वरून तेल द्यावे आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटावी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज यांत्रिक मासेमारीस सरकारने 1 जून ते 31 जुलै अशी बंदी ठरवून दिली आहे. परंतु निसर्गाने ती त्यापूर्वीच घातलेली होती.

ह्या दुरुस्तीस नाखवा शक्यतो त्याच सुतारास बोलावी, ज्याने होडी बांधली. कोणती फळी कोणत्या झाडाची, कोठे गाठ होती, कोठे जोड दिला, हे त्यालाच ठाऊक असे. शिवाय दुसरेही एक कारण होते. होडीत बसून जाणाऱ्यांचे प्राण त्या सांध्यांवर अवलंबून असत. ज्याने सांधा भरला, तो संध्याकाळी किनाऱ्यावर त्याच माणसांच्या बायकामुलांमध्ये वावरत असे. आपल्या कामाचा परिणाम ज्याला रोज डोळ्यांनी पाहावा लागतो, तो काम टाकून पळू शकत नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या गोदीत दिसते. सुरतेचे जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली मुंबईस आले आणि 1750 साली तेथे सुकी गोदी तयार झाली. गोदीतील पाणी काढून टाकून जहाजाचा तळ कोरड्यात तपासता यावा, अशी ही सोय होती. वाडिया घराण्याने पुढे सागवानी जहाजे बांधून जगात नाव मिळविले. त्यांपैकी 1817 साली पाण्यात लोटलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत ठेवलेले आहे. ह्या कीर्तीचे श्रेय सागवानास आणि कारागिरीस आहेच. पण जेथे जहाज बांधले जाते, तेथेच ते वर्षानुवर्षे परत येऊन दुरुस्त होते, ह्या गोष्टीचेही ते श्रेय आहे. परत आलेले प्रत्येक जहाज बांधणाऱ्यास त्याची चूक शिकवून जाते. जो गिऱ्हाइकाकडे पुन्हा जात नाही, त्याची ही शाळा बंद पडते.

रोख पैसा आला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सर्व बदलले. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. त्यानंतर लवकरच मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे पोटासाठी मुंबईची वाट धरू लागली. गिरणीकामगारांच्या इतिहासात ह्या जिल्ह्याचे नाव सतत येते. त्यांच्याबरोबर आपले कारागीरही गेले. कोणी गिरणीत साचे बसविण्याच्या कामावर लागले, कोणी रेल्वेच्या कारखान्यात, कोणी इमारतींच्या दारेखिडक्यांवर.

मुंबईत पगार रोख मिळे. गावी पाठविलेली मनीऑर्डरही रोख असे. हळूहळू गावातही धान्याऐवजी रोख मजुरीची पद्धत रूढ झाली. पुढे 1949 च्या कायद्याने खोती नष्ट झाली आणि जुन्या गावगाड्याचा आणखी एक खांब पडला. ह्या बदलाने माणसास मोकळे केले. कोणाच्या खळ्यावर हात पसरून उभे राहण्याची वेळ गेली, हे मोठेच सुख झाले.

पण रोख पैशाबरोबर एक नवी भाषाही आली. ‘पैसे मिळाले, हिशेब मिटला’ ही ती भाषा होय. पूर्वी हिशेब मिटतच नसे. तो दर सुगीला पुढे चालू राही. आता तो दाराच्या शेवटच्या खिळ्याबरोबर मिटू लागला. गिऱ्हाईक मुंबईत, कारागीर गावात, आणि मधल्या दुरुस्तीस कोणी वाली नाही, अशी स्थिती झाली.

लोखंडी नांगराचा धडा

येथे आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगणे आवश्यक आहे. ते आपल्या समाजाच्या दृष्टीने थोडे कडूही आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869–1956) यांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ते सायकल विकत आणि ती चालविण्यास शिकवीतही. शिकविणे हा विक्रीचाच भाग मानण्याची ही वृत्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर करण्यास घेतला. शेतकऱ्यांची समजूत अशी की, लोखंडाने जमिनीस विष चढते. पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत सुमारे दोन वर्षे गेली, असे सांगतात. 1910 साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर पुढे खेडोपाडी पोहोचला.

हा नांगर आपल्या सुतारांच्या लाकडी नांगराचा प्रतिस्पर्धी होता. देशावरच्या काळ्या जमिनीत त्याने लाकडी नांगरास मागे टाकले, आणि त्यामुळे आपल्या अनेक ज्ञातिबांधवांचे काम कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर नुसते उसासे टाकण्यापेक्षा तो का जिंकला, हे पाहणे शहाणपणाचे. लोखंड खोल नांगरते, हे एक कारण झालेच. पण लोखंडी नांगराची एक अडचणही होती. लाकडी नांगर गावचा सुतार झाडाखाली बसून दुरुस्त करी. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर शेतकऱ्याने कोणाकडे जावे? कारखाना शेकडो मैल दूर. म्हणून अशा नांगराच्या पाठोपाठ त्याचे सुटे भाग आणि ते जवळ ठेवणारा विक्रेताही गावाच्या आसपास पोहोचवावा लागतो. म्हणजे जी सोय गावचा सुतार आपल्या दारी देत होता, ती कारखान्यास मुद्दाम उभारावी लागली.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. 1920 साली ह्या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक काढले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. कारखान्याच्या मालाची माहिती विक्रेत्यांस व गिऱ्हाइकांस मिळावी आणि त्यांच्याशी संबंध टिकावा, हा त्याचा मूळ उद्देश होता. 1929 साली ‘खबर’ हा शब्द गळून ते ‘किर्लोस्कर’ झाले. त्यास 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ ही भावंडे मिळाली. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या ज्या मासिकांवर पोसल्या, त्यांचे मूळ नांगर घेतलेल्या शेतकऱ्याची विचारपूस करण्यात आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

परदेशातही असेच घडले. अमेरिकेतील सायरस मॅककॉर्मिक (1809–1884) यांनी कापणीयंत्राचे पेटंट 1834 साली घेतले व 1847 साली शिकागो येथे कारखाना काढला. त्यांच्या यशात यंत्राइतकाच वाटा लेखी हमीचा, हप्त्यांनी पैसे घेण्याचा आणि ठिकठिकाणी नेमलेल्या प्रतिनिधींचा होता. कापणीच्या दिवसांत यंत्र बंद पडले तर पीक उभेच वाळते, ही शेतकऱ्याची भीती त्यांनी ओळखली. आपल्या बलुतेदारास ती ओळखण्यासाठी पुस्तकाची गरज नव्हती. आषाढात तो स्वतःच त्या भीतीच्या शेजारी राहत असे.

तात्पर्य, कारखानदारांनी आपले नांगर घेतले नाहीत, तर आपली सवय घेतली. आणि आपण ती टाकून दिली.

दोन फेऱ्यांचे शास्त्र

आता थोडे घरचे सांगतो. आमचे तीर्थरूप सुतारकाम करीत. आम्ही शिक्षकीपेशात गेलो आणि आमच्या हातास रंध्याऐवजी खडू लागला. म्हणून जे सांगत आहोत ते पाहिलेले आहे, केलेले नाही.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा पाण्याने जड असते. नवे लाकूड कितीही वाळवलेले असो, पहिल्या पावसाळ्यात ते फुगते आणि दार चौकटीत अडकू लागते. उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसते आणि फट पडते. हा लाकडाचा धर्म आहे. त्यात कारागिराचा दोष नाही. परंतु दार उघडेनासे झाले, की घरचा माणूस सुतारालाच बोल लावतो.

तीर्थरूप ज्या घरी नवे दार बसवीत, तेथे श्रावणाच्या अखेरीस, गणपतीच्या आधी आठ दिवस, न बोलावता जात. कारण उघड आहे. वर्षभर बंद असलेली घरे चाकरमानी मंडळी गणपतीस उघडतात. नेमके तेव्हाच लाकूड सर्वांत जास्त फुगलेले असते. मूर्ती डोक्यावर घेऊन मंडळी अंगणात उभी आणि माजघराचे दार अडून बसलेले, अशी शोभा ज्याच्या दाराने केली, त्याचे नाव वाडीत वर्षभर निघते.

पण त्या वेळी ते रंधा फार चालवीत नसत. जेथे घासते तेथे पेन्सिलीने खूण करीत, दार उघडमीट होण्यापुरते खरवडीत, बिजागरीचे स्क्रू पाहत आणि निघून येत. उरलेले काम दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर. आम्ही एकदा लहानपणी विचारले, “एकाच फेरीत का उरकत नाही?” ते म्हणाले, “श्रावणात हात सैल सोडला, तर चैत्रात फटीतून साप येईल.” पावसाळ्यातील दारावर उन्हाळ्याचे माप घेता येत नाही, म्हणून फेऱ्या दोन. ह्या दोन फेऱ्यांचे पैसे ते मागत नसत. चहा मिळे, एखादा नारळ मिळे. आणि त्या घरातील पुढचे कपाट, पाळणा, देव्हारा हे सर्व न सांगता त्यांच्याकडे येई. त्यांना हिशेबाची वही नव्हती, पण तालुक्याच्या ह्या भागातील आपली दारे त्यांना माणसांप्रमाणे ओळखू येत.

आता दुसरे चित्र पाहावे. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका होतकरू तरुणाने मुंबईस राहणाऱ्या एका गृहस्थाच्या गावच्या घरी स्वयंपाकघराचे लाकूडकाम केले. काम देखणे झाले. आम्ही स्वतः पाहिले आहे. पावसाळ्यात दोन खण अडकू लागले. गृहस्थाने फोन केला. तरुणाने ‘येतो’ म्हटले आणि तो गेला नाही. दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. त्याच्या मनात लबाडी नव्हती. एवढ्या लहान कामासाठी दिवस मोडावा लागेल, ह्याचा त्याला कंटाळा होता, आणि पुढे न गेल्याची लाज वाटू लागली. त्या गृहस्थाने वरच्या मजल्याचे सर्व काम शहरातील तयार माल विकणाऱ्या दुकानास दिले. तयार माल त्या तरुणाच्या कामापेक्षा हलका होता. परंतु दुकानाचा माणूस तीन महिन्यांनी फोन करून ‘काही अडचण आहे काय?’ असे विचारीत असे. अर्ध्या दिवसाचा रंधा वाचविण्यात आमच्या तरुणाने काही महिन्यांची रोजी गमावली. आम्ही त्यास दोष देण्यापूर्वी स्वतःस दोष देतो. कारण तीर्थरूपांच्या दोन फेऱ्यांची गोष्ट आम्ही शाळेतील मुलांना सांगितली, पण घरातील मुलास सांगितली नव्हती.

कायदा कोठवर

ह्या विषयास कायद्याचीही बाजू आहे. 1930 च्या मालविक्री अधिनियमानुसार, घेणाऱ्याने आपली गरज सांगितली असेल आणि विकणाऱ्याच्या कौशल्यावर तो विसंबला असेल, तर माल त्या गरजेस योग्य असावा, अशी अट बहुधा न लिहिताही गृहीत धरली जाते. 1986 साली ग्राहक संरक्षण अधिनियम आला आणि सामान्य माणसास दाद मागण्यासाठी निराळी न्यायव्यवस्था मिळाली. आपल्या महाराष्ट्रात त्यापूर्वीच ग्राहकांची चळवळ उभी राहिली होती. मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली स्थापन झाली. जुन्या अधिनियमाच्या जागी 2019 चा नवा अधिनियम 20 जुलै 2020 पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेल्या कामातील उणीव ही त्याखाली तक्रारीचा विषय होऊ शकते, हे आपल्या कारागिरांनी ध्यानात ठेवावे.

तथापि कायदा हा तुटलेल्या संबंधाचा वैद्य आहे. संबंध तुटू नये, म्हणून काय करावे, हे तो सांगत नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन कचेरीत जाण्यापूर्वी कितीतरी आधी ते मनातल्या मनात दुसरीकडे गेलेले असते. शंभर असंतुष्ट गिऱ्हाइकांपैकी बहुतेक भांडत नाहीत. ती नुसती परत येत नाहीत. म्हणून ‘आमच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही’ ह्या समाधानात राहणे धोक्याचे आहे.

पुढील वाट

आज लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या येत आहेत. फणसाच्या आणि सागाच्या दारांची जागा तयार दारे घेत आहेत. 17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अठरा पारंपरिक व्यवसाय घेतले असून सुतार आणि नाव बांधणारे हे दोन्ही त्यांत आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून 3 लाख रुपयांपर्यंत सवलतीच्या व्याजाचे कर्ज, अशी तिची रचना आहे. पात्र बांधवांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु सरकार रंधा देईल, कर्ज देईल. गणपतीच्या आधी आठ दिवस गिऱ्हाइकाच्या दारी जाण्यासाठी लागणारे पाय सरकार देणार नाही.

कोणी म्हणेल, मजुरी वाढली, अंतरे वाढली. फुकट फेऱ्या परवडणार कशा? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, फेरीचा खर्च आरंभीच्या किमतीत धरावा आणि तसे गिऱ्हाइकास उघड सांगावे. ‘ह्या रकमेत पहिल्या वर्षाच्या दोन फेऱ्या आल्या’ हे वाक्य बोलण्यात कमीपणा नाही. उलट घासाघीस करणाराही ते ऐकून थांबतो. बलुत्यातही सेवा फुकट नव्हती, ती वर्षाच्या धान्यात मोजलेली होती. आपण तेच पैशात मोजावे.

आमच्या सूचना थोड्या आहेत. प्रत्येक कारागिराने एक वही ठेवावी. तीत गिऱ्हाइकाचे नाव, काम, लाकूड कोणते आणि काम पुरे झाल्याची तिथी लिहावी. काम दिल्यावर आठ दिवसांनी एकदा विचारावे. पहिल्या पावसाळ्यात एकदा आणि लाकूड सुकल्यावर एकदा जाऊन पाहावे. जाणे अशक्य असेल तर तसे स्पष्ट कळवावे आणि जवळच्या ज्ञातिबांधवास पाठवावे. फोन न उचलणे हा सर्वांत महाग पर्याय आहे. दोष आपला असेल तर मान्य करून नीट करावा. दोष लाकडाचा किंवा हवेचा असेल तर तो शांतपणे समजावून सांगावा. आणि जे घर पाहून आलो, तेथे काय बिघडले होते, हे त्याच वहीत लिहावे. पाच वर्षांनी ती वही चाळली, तर आपलेच काम आपल्याला शिकवू लागेल.

आपल्या मंडळाने विद्यार्थ्यांना बक्षिसे देण्याची चांगली प्रथा चालविली आहे. त्याच समारंभात, ज्या तरुण कारागिराने अशी वही वर्षभर नेटाने ठेवली, त्याचाही सत्कार व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

तीर्थरूपांना जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या भाद्रपदात आम्ही एका शेजाऱ्याच्या घरी आरतीस गेलो होतो. त्यांच्या माजघराचे दार आमच्या तीर्थरूपांनी बसविलेले. पाऊस कोसळत होता, बाहेर तुळशीवृंदावन दिसत नव्हते, आणि ते दार घरातील लहान मुलीने एका बोटाने लोटून उघडले. वरच्या कडेला पेन्सिलीची एक जुनी खूण अद्याप दिसत होती. आपल्या इतिहासाचे इतके वाचनीय पान दुसरे आम्हांस ठाऊक नाही. असो.